आधी गुरुजींच्या हातांना काम द्या

शिक्षणविषयक घोषणांची आपल्या देशात कधीच वाण पडली नाही. वाण पडते ती घोषणा वर्गाच्या उंबरठ्याच्या आत नेणाऱ्या माणसाची. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असे जाहीर केले की, २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच्या मुलांना संगणकीय विचारपद्धती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची ओळख करून दिली जाईल. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवी या टप्प्यावर आज्ञावलीलेखनाचा, म्हणजे ज्याला आता सर्वत्र ‘कोडिंग’ म्हणतात त्याचा, समावेश करावा असे सांगितलेच होते. आपल्या गोव्यात तर २०२१ पासून ‘केअर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली याच तीन इयत्तांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. तेव्हा मुलांना काय शिकवावे याविषयी धोरणकर्त्यांच्या मनात संदेह उरलेला दिसत नाही. प्रश्न एवढाच, की ते शिकविणार कोण, आणि शिकविणाऱ्याला ते कोण व कसे शिकविणार?

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर असते: परिषद भरवा. परिषदेचे स्वरूपही ठरलेलेच असते. वेळ सकाळी साडेनऊची दिलेली असते, प्रमुख पाहुणे साडेदहाला येतात. समई पेटते, पुष्पगुच्छ दिले जातात, शाली पांघरल्या जातात. पाहुणे एकविसाव्या शतकाच्या आव्हानांवर बोलतात. त्यांच्यानंतरचे वक्ते पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवीत जातात, आणि मागच्या रांगेतील शिक्षिका गावाकडे जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते याचा हिशेब मनातल्या मनात करीत राहते. दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहते तेव्हा त्या प्रमाणपत्राखेरीज तिच्या हातात काहीही नवीन आलेले नसते. या प्रकाराला प्रशिक्षण म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

आमचे म्हणणे असे, की संगणकशिक्षणासाठी शिक्षकांना एकत्र आणायचे असेल तर ती ऐकण्याची नव्हे, करण्याची परिषद असली पाहिजे. तबल्यावरील व्याख्याने ऐकून कोणाच्या बोटांत ठेका उतरत नाही. गोमंतकासारख्या संगीताच्या भूमीत हे वेगळे सांगावयास नको. संगणकशास्त्र ही देखील याच जातीची विद्या आहे. ती करताना चुकते, चूक शोधताना कळते आणि कळल्यावरच दुसऱ्याला देता येते. ज्या शिक्षकाने स्वतः चूक केली नाही त्याला विद्यार्थ्याची चूक दिसते, पण ती का झाली ते दिसत नाही. शिकविण्याच्या कामात या दोहोंमधले अंतर फार मोठे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये ‘लोगो’ नावाची संगणकभाषा मुलांसाठी तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आले. मुलाने आज्ञा द्यायची आणि कासवाने चालत चालत रेघ ओढायची. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत अंडी घालावयास येणारे कासव आणि त्याच्या पावलांची नक्षी गोमंतकीय मुलाला अपरिचित नाही, म्हणून हे उदाहरण आपल्याकडे अधिकच शोभते. ‘शंभर पावले पुढे जा, उजवीकडे नव्वद अंश वळ’ ही आज्ञा चार वेळा दिली की चौरस होतो. येथवर सारे सुखाचे असते. मग शिक्षकाला सांगावे की आता समभुज त्रिकोण काढा. त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हे भूमितीत आपण सारेच पाठ केलेले असते. साहजिकच शिक्षक ‘साठ अंश वळ’ अशी आज्ञा तीन वेळा देतो, आणि त्रिकोण काही केल्या मिटत नाही.

येथे खरे शिक्षण सुरू होते. अशा वेळी शिक्षकाने खुर्चीवरून उठावे, जमिनीवर खडूने रेघ मारावी आणि स्वतःच कासव होऊन चालावे. मग कळते की वळायचे ते आतल्या कोनाने नव्हे, ज्या दिशेला नाक आहे त्या दिशेपासून. म्हणजे एकशे ऐंशीतून साठ वजा करून उरलेले एकशे वीस अंश. चौरसात आतला कोन आणि वळण्याचा कोन दोन्ही नव्वदच असल्यामुळे हा भेद लपून राहिला होता. पुन्हा गंमत अशी की तीच चुकीची आज्ञा सहा वेळा दिली तर सुबक षट्कोन तयार होतो, आणि कोणत्याही आकृतीभोवती एक फेरी पूर्ण करताना एकूण वळणे तीनशे साठ अंशांचे असते हा नियम शिक्षकाला कोणी न सांगता गवसतो. अर्ध्या तासाच्या या खटपटीतून गेलेला शिक्षक उद्या वर्गात मुलाचा न मिटलेला त्रिकोण पाहून रागावणार नाही. तो म्हणेल, चल, आपण दोघे चालून पाहू. व्याख्यान ऐकून परतलेला शिक्षक मात्र ‘साठ नव्हे, एकशे वीस लिही’ एवढेच सांगेल. मुलाचा त्रिकोण मिटेल, परंतु त्याच्या पदरात काय पडेल?

संगणकशास्त्र म्हणजे संगणकयंत्र, ही समजूत आपल्या शाळांत इतकी रुजली आहे की यंत्र बिघडले वा वीज गेली की तास बंद पडतो. वस्तुतः या शास्त्राचा फार मोठा भाग यंत्राला हात न लावता शिकविता येतो. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांचे सहकारी इयान विटन व माइक फेलोज यांनी १९९० नंतरच्या दशकात पत्ते, दोऱ्या, खडू आणि तराजू यांच्या साहाय्याने हे विषय शिकविण्याचे खेळ रचले, आणि ते जगभर पसरले. आपल्या देशात असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेच्या भारतीय शाखेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. यंत्राविना करावयाच्या अशा कृती आणि पाठ त्याने शाळांसाठी तयार केले. ते मराठीतही उपलब्ध झाले, आणि वर्गात हे पाठ घेणाऱ्या शिक्षकांनी आपले अनुभव मांडावेत यासाठी परिषदाही भरविल्या गेल्या. वक्ता हा पाहुणा नसून वर्गातून आलेला शिक्षक असावा, ही त्यातली कल्पना आम्हाला विशेष मोलाची वाटते.

अशी एक कृती आपल्या मातीत रुजवून पाहा. टेबलावर आठ नारळ आणि एक तराजू. वजने नाहीत, एका वेळी दोनच नारळ तोलायचे, आणि सर्वांत हलक्यापासून सर्वांत जडापर्यंत ओळ लावायची. बहुतेक जण आठांतून सर्वांत जड नारळ शोधतील, त्याला बाजूला ठेवतील, मग सातांतून शोधतील, आणि असे करीत शेवटापर्यंत जातील. सात अधिक सहा अधिक पाच अशी बेरीज करीत गेले की अठ्ठावीस वेळा तोलावे लागते. दुसरी रीत अशी: आधी दोन-दोनांच्या चार जोड्या लावून घ्याव्या, मग लावलेल्या दोन जोड्या एकमेकींत मिसळून चाराची ओळ करावी, आणि शेवटी चाराच्या दोन ओळी मिसळाव्या. मिसळताना दोन्ही ओळींच्या टोकाचेच नारळ तोलायचे असल्यामुळे फार तर सतरा वेळांत काम होते. आठ नारळांना हा फरक अकराचाच. पण नारळ हजार असतील तर पहिल्या रीतीने ४,९९,५०० वेळा तोलावे लागेल आणि दुसरीने दहा हजारांच्याही आत. संगणकाच्या वेगाचे गुपित केवळ यंत्रात नसते, ते रीतीत असते, हे नारळ उचलून दमलेल्या शिक्षकाला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक चांगले कळेल. आणि यासाठी सरकारला निविदा काढावी लागणार नाही.

हा विषय केवळ गणिताच्या किंवा ‘कॉम्प्युटरच्या सरां’चा आहे, असेही मानण्याचे कारण नाही. मराठीच्या शिक्षकाने वृत्ते शिकविताना फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा वर्षानुवर्षे केल्या आहेत. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून गण आठ: य, म, त, र, ज, भ, न, स. लघूच्या जागी शून्य आणि गुरूच्या जागी एक लिहून पाहावे. ‘न’ गण म्हणजे तीन शून्ये, ‘म’ गण म्हणजे तीन एक, आणि भुजंगप्रयाताच्या ओळीत चार वेळा येणारा ‘य’ गण म्हणजे शून्य, एक, एक. द्विमान पद्धतीने वाचल्यास हे आठ गण शून्यापासून सातापर्यंतचे आठ अंक होतात. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूच्या सर्व शक्य मांडण्या क्रमाने लिहिण्याची रीत सांगितलेली आहे. एवढ्यावरून आपल्या पूर्वजांनी संगणक शोधला होता असे छाती फुगवून सांगणे हास्यास्पद ठरेल. परंतु ज्या मराठीच्या शिक्षिकेला ‘हे आपले काम नव्हे’ असे वाटत होते, तिला या विषयाचे दार आपल्याच घरातून उघडते हे दाखविण्यासाठी याहून चांगले साधन नाही. अशा परिषदेत मराठी, कोकणी, चित्रकला आणि गणित यांचे शिक्षक एका टेबलाभोवती बसले पाहिजेत.

शिक्षकाला वगळून यंत्रे आणल्याने काय होते याचा अनुभव आपल्या देशाने चार दशकांपूर्वीच घेतलेला आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांतील संगणकसाक्षरतेसाठी ‘क्लास’ नावाची योजना आरंभिली. ब्रिटनहून बीबीसी मायक्रो जातीचे संगणक आणले गेले. १९८९-९० पर्यंत २,५९८ शाळांपर्यंत ही योजना पोहोचली आणि सुमारे १२ हजार यंत्रे वाटली गेली. त्या काळच्या मानाने हे धाडस लहान नव्हते. परंतु दशक उलटण्याच्या आत ती यंत्रे जुनी झाली, आठव्या पंचवार्षिक योजनेत त्यांची जागा नव्या जातीच्या यंत्रांनी घ्यावी असे ठरले, आणि आज त्या उद्योगाची आठवण काढणारे शिक्षकही विरळा. यंत्र जुने होणे हा यंत्राचा धर्मच आहे. ज्या शिक्षकाच्या हातात विद्या आली असेल तो नव्या यंत्रावर ती घेऊन जातो. ज्याला केवळ त्या यंत्राच्या कळी दाबण्यास शिकविले असेल तो यंत्राबरोबरच अडगळीत जातो.

ज्या ब्रिटनहून ती यंत्रे आली तेथील कथाही बोधप्रद आहे. तेथे शाळांत संगणक मुबलक होते, पण विषयाच्या नावाखाली पत्रे टंकित करणे आणि तक्ते भरणे एवढेच बहुधा शिकविले जाई. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने आपल्या अहवालात या स्थितीवर कठोर टीका केली. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या मुलापासून पुढे संगणकशास्त्र हा नवा अभ्यासक्रम लागू झाला. अभ्यासक्रम बदलला, पण शिक्षक तेच होते, आणि त्यांना तयार करण्याकडे हवे तेवढे लक्ष दिले गेले नव्हते. परिणामी त्याच रॉयल सोसायटीला नोव्हेंबर २०१७ मध्ये पुन्हा सांगावे लागले की या विषयाचे शिक्षण तुकड्यातुकड्यांत आणि नाजूक अवस्थेत आहे. त्यानंतर कोठे सरकारने आठ कोटी पौंडांहून अधिक रक्कम मुख्यतः शिक्षकांच्या तयारीसाठी काढली आणि २०१८ मध्ये त्याकरिता राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. संपन्न देशालाही आधी अभ्यासक्रम आणि मागाहून शिक्षक हा उलटा क्रम मानवला नाही. तो आपल्याला कसा मानवेल?

सुलटा क्रम कसा असतो हे पाहण्यासाठी मात्र परदेशी जाण्याची गरज नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने त्याची धुरा वाहिली. उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यांतील शिक्षक एकत्र येत आणि मुलांनी करावयाचे प्रयोग आधी स्वतःच्या हाताने करीत. विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून आलेले शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर त्याच टेबलाशी बसत. पुढे वर्षभर दरमहा शिक्षकांची बैठक भरे, आणि वर्गात काय जमले, काय फसले याची चर्चा होई. २००२ मध्ये तेथील शासनाने हा कार्यक्रम बंद केला, ही वेगळी आणि खेदाची गोष्ट. परंतु खेड्यातला शिक्षक पाहुण्यासमोर श्रोता म्हणून न बसता शास्त्रज्ञाचा सहकारी म्हणून बसू शकतो, हे त्याने तीस वर्षे सिद्ध केले.

संगणकाच्या बाबतीत हेच काम केरळने केले. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ या प्रकल्पाने प्रशिक्षक बाहेरून भाड्याने आणले नाहीत. शाळांतीलच शिक्षकांतून ते निवडले, त्यांच्याकडून इतर शिक्षकांना मल्याळम भाषेत शिकविले, आणि कोणत्याही कंपनीला परवान्याचे पैसे मोजावे लागू नयेत म्हणून मुक्त प्रणालींचा अवलंब केला. दहावीच्या परीक्षेत या विषयाची प्रात्यक्षिक परीक्षाही आली. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि २०१८ पासून शाळाशाळांतून विद्यार्थ्यांची मंडळे उभी राहिली. केरळला हे साधले त्यामागे काही जादू नव्हती. शिक्षकावर विश्वास टाकण्याची तयारी होती.

गोव्याला या क्षेत्रात नवखे म्हणता येणार नाही. गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टच्या स्वयंसेवकांनी परदेशस्थ गोमंतकीयांच्या साह्याने जुने संगणक आणि मुक्त प्रणाली शाळांपर्यंत नेल्या. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने या शतकाच्या आरंभी ‘सायबरएज’ योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचविला, तेव्हा देशात त्याचे कौतुक झाले. त्यानंतर केअर्स आली. इच्छा होती, पैसा होता, यंत्रे होती. आता पुढची पायरी चढावयाची आहे, आणि ती यंत्राकडून माणसाकडे नेणारी आहे.

या संदर्भात काही आक्षेप ऐकू येतात. पहिला असा, की मुलांनाच शिक्षकांपेक्षा अधिक येते, मग शिक्षकाला शिकवून काय होणार? मुलांना मोबाइलच्या काचेवर बोटे फिरविता येतात हे खरे. पण बस चालविता येणे निराळे, ती कशी चालते हे कळणे निराळे आणि तिचा रस्ता कोणी व का आखला हे विचारता येणे त्याहून निराळे. शाळेने तिसऱ्यासाठी झटावयाचे असते. दुसरा आक्षेप असा, की आज्ञावली आता कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देते, मग ती शिकावी कशाला? उलट म्हणूनच ती शिकावी. यंत्राने दिलेला त्रिकोण मिटला नाही तर कोठे चुकले हे ओळखण्यास साठ आणि एकशे वीस यांतला भेद स्वतः अनुभवलेला माणूसच लागतो. ज्याला उत्तर तपासता येत नाही तो उत्तर देणाऱ्याचा गुलाम होतो. ज्या भूमीने साडेचारशे वर्षांची परकी सत्ता उलथून टाकली तिने नव्या पिढीला या नव्या परावलंबनाच्या हवाली करावे काय?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकेका शिक्षकावर चालणाऱ्या शाळा, मतदारयाद्या, जनगणना, अहवाल आणि नोंदी यांच्या ओझ्याखाली शिक्षक दबलेला असताना त्याच्यावर हे नवे ओझे का लादावे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो शिक्षकांच्या आळसाची सबब म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. पण याचे उत्तर शिक्षण टाळणे हे नव्हे, ओझे उतरविणे हे आहे. नव्या शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावे असे सांगितले आहे. हे पन्नास तास भाषणांत जिरवायचे की कृतीत, एवढेच ठरवावयाचे आहे.

यास्तव आमच्या काही स्पष्ट सूचना आहेत. गोवा सरकारने दरवर्षी दोन दिवसांची कृतिप्रधान शिक्षकपरिषद भरवावी. तिचे दिवस कामाचे दिवस म्हणून धरावेत, शिक्षकाच्या रजेतून कापू नयेत. उद्‍घाटनाला पाच मिनिटे पुरेत. मंत्रिमहोदयांना यावयाचे असेल तर त्यांनी अवश्य यावे आणि शिक्षकांबरोबर नारळ तोलावे. त्यानंतर दरमहा तीन तासांची बैठक प्रत्येक तालुक्यात व्हावी. परिषदेचे बारा तास आणि दहा बैठकांचे तीस मिळून बेचाळीस तास होतात, म्हणजे धोरणाच्या मर्यादेत हे सहज बसते. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या शिक्षिकेला या बैठकांसाठी पणजीला हेलपाटे घालावे लागू नयेत. घरसंसार सांभाळून शिकविणाऱ्या स्त्रियांची आपल्या शाळांतील संख्या पाहता, बैठक कोठे आणि किती वाजता ही बाब गौण नाही. तिच्यावरच उपस्थिती अवलंबून आहे.

परिषदेची भाषा मराठी आणि कोकणी असावी. तांत्रिक शब्द इंग्रजी राहिले तरी हरकत नाही, विचार मात्र आपल्या भाषेत व्हावा. ज्या भाषेत शिक्षकाला शंका विचारण्याचा संकोच वाटतो त्या भाषेत तो शिकत नाही, नुसती मान डोलावतो. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचे मंडप परिषदेच्या दारातच थांबवावेत. कोणते यंत्र घ्यावे हा निर्णय शिक्षकाला विषय कळल्यानंतरचा आहे, आधीचा नव्हे. गोवा विद्यापीठ, फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आयआयटी, एनआयटी आणि बिट्स पिलानीचे येथील संकुल या संस्थांतील प्राध्यापक आपल्या राज्यात आहेतच. त्यांनी व्यासपीठावर न बसता टेबलाशी बसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या वर्षीच्या परिषदेत पहिल्या वर्षीच्या शिक्षकांनी आपल्या वर्गात काय केले ते सांगावे. जे फसले ते आधी सांगावे. फसलेल्या पाठाची हकीकत निर्भयपणे सांगता येईल असे वातावरण ज्या खात्यात नाही, तेथे यशाच्या अहवालांना काडीचीही किंमत नसते.

हातांना काम देऊन बुद्धी घडविण्याचा विचार या देशाला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला महात्मा गांधींनी नयी तालीम देशापुढे ठेवली तेव्हा तिचे सूत्र हेच होते. परंतु ज्या शाळेत गुरुजी स्वतः सूत कातीत नसत, तेथे टकळी ही केवळ तपासणीच्या दिवशी बाहेर काढावयाची वस्तू होणार हे उघड होते. संगणकाचे तसे होऊ द्यावयाचे नसेल तर त्या अनुभवाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

गोव्यात १९६१ पूर्वी मराठी शाळा देवळांच्या सभामंडपांतून आणि दानशूरांच्या ओसऱ्यांवर भरत. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हाही साधने तुटपुंजीच होती. तरीही त्या शाळांनी पिढ्या घडविल्या, कारण जे शिकवायचे ते शिकविणाऱ्याच्या हातचे होते. अक्षर गुरुजींच्या बोटांतून पाटीवर उतरे आणि पाटीवरून मुलाच्या बोटांत जाई. आज पाटीची जागा पडद्याने घेतली आहे, पण विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते हा नियम बदललेला नाही. सरकारने पुढच्या अंदाजपत्रकात यंत्रखरेदीचा आकडा लिहिण्यापूर्वी शिक्षकांच्या या दोन दिवसांसाठी आणि दहा बैठकांसाठी तरतूद करावी. तो खर्च यंत्रांच्या किमतीपुढे नगण्य असेल, आणि त्यातून जे उभे राहील ते कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक काळ टिकेल.